गोल्फ: टीव्हीवरचे धडे बघून बाबांचा खेळ बिघडतोय, नेमकं काय बघावं?

सूरसागरकाठ

नमस्कार मंडळी. मी स्वतः गोल्फ खेळत नाही, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

बाबा सत्तरीला आलेत. जन्म बडोद्याचा, त्यामुळे तरुणपण सगळं क्रिकेटच्या मैदानावर गेलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक शेवटच्या फेरीपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि चौथी आली. त्या शनिवारी सकाळी आमचं घर चहा विसरून टीव्हीसमोर बसलं होतं. तिथून हे खूळ सुरू झालं. मग एका मित्राच्या ओळखीने ते लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या गोल्फ कोर्सवर जायला लागले. तो कोर्स बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव यांनी १९३० च्या दशकात गोऱ्या पाहुण्यांसाठी करून घेतला होता. १९९० च्या दशकात तो सुधारून लोकांना खुला झाला, म्हणून आमच्यासारख्यांचा तिथे शिरकाव.

शिकवणारे सर आठवड्यातून दोनदा भेटतात. उरलेल्या दिवसांत टीव्ही आणि मोठ्या स्क्रीनवर लावलेले यूट्यूबवरचे कार्यक्रम. आज 'डावा हात ताठ ठेवा', उद्या 'कंबर आधी फिरवा', परवा 'डोकं अजिबात उचलू नका'. बाबा सगळं मनापासून करतात आणि चेंडू उजवीकडेच जातो. सर म्हणतात टीव्ही बंद करा. बाबा म्हणतात, टीव्हीवरचा माणूस जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंना शिकवतो, तो काय उगाच बोलेल? रिमोट माझ्या हातात असतो, म्हणून विचारते: यातलं खरंच उपयोगी काय असतं आणि ते ओळखायचं कसं? सरसकट बंद करायचं माझ्या जिवावर येतं, त्यांची दुपार त्यात छान जाते.

रावपुरेकर

केबल काढून टाका. गोल्फ गवतावर येतो.

सातनंबरी

रावपुरेकर, दुपारी ४२ डिग्रीत गवतावर कोण जाणार हो?

ताई, आधी एक सांगा. चेंडू उजवीकडे 'जातो' म्हणजे काय? निघतानाच उजवीकडे निघतो, की सरळ किंवा डावीकडे निघून हवेत उजवीकडे वळतो? (बाबा उजव्या हाताचे आहेत असं धरतो.) हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. टीव्हीवरचा सल्ला बहुतेक वेळा खराच असतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी आजारावरचा असतो. शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन घेऊन औषध आणावं तसं चाललंय बाबांचं.

म्हणून माझी पहिली कसोटी ही: शिकवणारा स्विंग (क्लब, म्हणजे काठी, फिरवून फटका मारणं) दाखवण्याआधी चेंडूचं उड्डाण दाखवतो का? एखादा साधा, ढेरपोट्या, आपल्यासारखा माणूस समोर उभा करून 'याचा चेंडू असा वळतो, कारण हे, आता हे बदलू, बघा काय झालं' असं करणारे कार्यक्रम सोन्यासारखे. नुसता सुंदर स्विंग करून दाखवणारे बघायला छान, शिकायला शून्य.

दुसरं, कार्यक्रम किती जुना आहे ते बघा. पूर्वी सर्रास शिकवायचे की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) जिकडे बघतोय तिकडे वळतो. गेल्या वीसेक वर्षांत रडारवाली यंत्रं आली आणि उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेसच्या दिशेने, आणि वळण ठरतं फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. जुने भाग अजून फिरतात आणि त्यातले शिकवणारे मोठी नावं असतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

रोज नवा उपाय का, तेही बाबांना सांगा. अमेरिकेत फक्त गोल्फला वाहिलेलं चॅनेल १९९५ मध्ये सुरू झालं, अर्नोल्ड पामरसारखा खेळाडू त्यामागे होता. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर रोज काहीतरी नवीन लागणारच. ग्रिप तीच, चेंडू तोच.

सूरसागरकाठ

विचारून आले. उजव्या हाताचेच आहेत. चेंडू थोडा डावीकडे निघतो आणि मग वळून उजवीकडच्या झाडीत.

सातनंबरी

मग हा नेहमीचा स्लाइस. फेस थोडा डावीकडे, स्विंग त्याहून खूप जास्त डावीकडे. आता एक काम करा. बाबांच्या मागे, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, चेंडू आणि लक्ष्य यांच्या रेषेला समांतर, पण बाबांच्या हातांच्या सरळ रेषेत उभ्या राहा. फोन त्यांच्या हातांच्या उंचीवर धरून शूट करा. फोन थोडा बाजूला सरकला तरी स्विंगचा मार्ग भलताच दिसतो, एवढं सांभाळा. मग स्विंगकडे बघूच नका, बुटांच्या टोकांची रेषा कुठे जाते ते बघा. माझी पैज आहे, ती पार डावीकडे असणार. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस नकळत डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्याने स्विंग आणखी डावीकडे जातो आणि चेंडू आणखी वळतो.

सोबत ग्रिप बघा. बाबांनी वरून खाली पाहिलं की डाव्या हाताच्या दोन-तीन गाठी दिसायला हव्यात. क्रिकेटवाल्यांना मी ग्रिप सर्वांत आधी तपासायला सांगतो. बडोदेकराच्या हातात छत्री दिली तरी तो गार्ड घेतो.

यातूनच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं. जे स्थिर आहे ते टीव्हीवरून उत्तम शिकता येतं: ग्रिप, उभं राहणं, चेंडू कुठल्या पायासमोर, निशाणा. जे हलतं ते फार कमी. क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. स्लो मोशनमध्ये 'आता कंबर, आता कोपर, आता मनगट' असं बघायला बरं वाटतं, पण पाव सेकंदात या तीन गोष्टी आठवतील कुणाला? शिवाय स्लो मोशन बघून लोक तालच हरवतात. चांगल्या खेळाडूंचा क्लब वर जायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात खाली येतो. तो ताल खऱ्या वेगातच बघावा लागतो. म्हणून सामन्याचं साधं प्रक्षेपण दाखवा त्यांना, तेही शिक्षणच आहे.

आणि पटिंग, म्हणजे होलजवळ चेंडू हलकेच घरंगळवत आत घालणं! पार ७२ च्या (७२ फटक्यांत पूर्ण करायच्या) कोर्सवर १८ होलना प्रत्येकी दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ. अदितीचे ड्राइव्ह (सुरुवातीचे लांब फटके) बाकीच्यांच्या मानाने आखूड होते, तिला त्या स्पर्धेत टिकवलं पटरनेच. पटिंगचा धडा बघितला की लगेच घरात सतरंजीवर करून बघता येतो, हे ड्रायव्हर या सर्वांत लांब मारायच्या क्लबबाबत शक्य नाही (पंखा आणि झुंबर असल्यास तर नाहीच).

डावरा

थोडं अवांतर. मी डावखुरा आहे. समोरून चित्रित केलेला उजव्या हाताचा खेळाडू मला आरशासारखा दिसतो, जसंच्या तसं उचलता येतं. उजव्या हातवाल्यांना तिथे फसायला होतं, स्क्रीनवरचा डावा पाय त्यांच्या उजव्या बाजूला दिसतो. बाबा टीव्हीसमोर उभं राहून नक्कल करत असतील तर ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेसमोरच ठेवतात ना, ते बघा.

सूरसागरकाठ

सातनंबरी, पैज जिंकलात. बुटांची रेषा डावीकडच्या झाडांकडे होती. सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी जमिनीवर दोन काठ्या आडव्या ठेवून उभं राहायला लावलंय. वळण आहेच, पण कमी झालंय. घरात आता साध्या माणसांना शिकवणारे कार्यक्रम आणि पटिंग एवढंच लागतं. बाबांना त्या विद्यार्थ्यांची नक्कल करायला फार आवडतं.

एक उरलं. 'डोकं खाली' हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. हनुवटी छातीला टेकवतात आणि वर म्हणतात चेंडू पुसट दिसतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे.

सातनंबरी

चष्म्यामुळेच. त्या काचेचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो, चेंडू त्याहून लांब. त्यातून बघितलं तर पुसट दिसणारच, आणि वरच्या भागातून बघायला म्हणून ते मान आणखी खाली घालणार. हनुवटी रुतली की खांदा तिच्याखालून फिरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा खेळासाठी वेगळा करून घ्या. स्कोअरकार्ड भरायला वाचायचा चष्मा खिशात.