आग विझवणाऱ्या जुन्या बोटी: चालत्या ठेवायच्या की शोभेच्या?

ग्लँडदोरी
नमस्कार मंडळी. चाळीस वर्षं भोसरीत पंप खोलण्यात आणि बसवण्यात गेली, त्यामुळे माझा प्रश्न शेवटी पंपावरच येणार, आधीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, तुमच्या कामाची वस्तू दाखवतो," आणि हडसन नदीच्या धक्क्यावर घेऊन गेले. तिथे 'जॉन जे. हार्वी' उभी होती. 1931 ची, न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची बोट. 1930 साली एका जहाजाची आग विझवताना मरण पावलेल्या दलाच्याच नावाड्याचं नाव तिला दिलंय. ताकद मिनिटाला 18,000 गॅलन, म्हणजे 68,000 लिटर. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो ना दहा हजार लिटरचा टँकर, तसे जवळजवळ सात टँकर दर मिनिटाला! मी धक्क्यावरच बोटांवर हिशोब केला, दोनदा केला.

इंजिनरूममध्ये पाच डिझेल इंजिनं. त्यांच्यावर जनरेटर, आणि ती वीज बोट ढकलणाऱ्या पंख्याकडेही जाते, पंपाकडेही. वर सुकाणूवाला टेलिग्राफचा (वेगाचा हुकूम खाली पाठवायच्या यंत्राचा) दांडा फिरवतो, खाली घंटी वाजते, मग खालचा माणूस वेग कमीजास्त करतो. आणि बोटीला प्रायमिंगचं, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरायचं, दुखणंच नाही, पंप पाण्याच्या पातळीखाली, सक्शनची, म्हणजे पाणी ओढणारी, नळी कायम भरलेली. आम्ही नळीच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह, गळतो म्हणून विहिरीवर बादल्या ओतण्यात उमर घालवली.

दलानं ती निवृत्त केल्यावर 1999 साली लिलावात काही हौशी मंडळींनी 28,010 डॉलरला घेतली. भंगारातच जायची. त्यांनी ती चालती केली. 11 सप्टेंबर 2001 ला मनोरे कोसळले आणि जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्या फुटल्या. बंबांना पाणी नाही, शेजारी नदी वाहतेय. तेव्हा ही 'निवृत्त' बोट तिथे लागली आणि दलाच्या बोटींसोबत सुमारे 80 तास नदीचं पाणी शहरात ढकलत राहिली. आमची आई पानशेतच्या पुराचं हेच सांगायची, 12 जुलै 1961. नदी घरात शिरलेली आणि नंतर कितीतरी दिवस नळ कोरडा.

आता प्रश्न. आमच्याकडे एका बंद कारखान्यातून एक जुना ट्रेलर पंप (चाकांच्या गाड्यावरचा) आलाय, आग विझवायचाच. मित्रमंडळ म्हणतं लाल रंग मारू, चौथऱ्यावर ठेवू, खाली पाटी लावू. मी म्हणतो चालवू. कुणाला अनुभव?

माझगावकर
काका, आमच्या मुंबईच्या गोदीत असल्या बोटीला फायर फ्लोट म्हणतात. वडील गोदीत होते, म्हणून 14 एप्रिल आमच्याकडे वाढदिवसासारखा लक्षात राहतो, फक्त उलट्या अर्थानं. 1944 साली व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' पेटलं. एकाच जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी! जहाजावरच्या आणि धक्क्यावरच्या पंपांनी, फायर फ्लोटनी मिळून 900 टनांहून जास्त पाणी आत ओतलं, पण आगीचं मूळ सापडलंच नाही. चारच्या सुमाराला पहिला स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि अग्निशमन सेवा सप्ताह याच तारखेपासून असतो.

तुमच्या प्रश्नावर: चालवा. पण आमचा फ्लोट कुणी चालता ठेवला असता तर आज कुठे उभा केला असता, हेही सांगा. गोदीत जागा मागून बघा एकदा.

शंकासुर
चालवणं बोलायला सोपं. डिझेल कोण देणार? पाईप फुटून कुणाला लागलं तर? पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात जुन्या साधनांचं संग्रहालय आहे, तिथे विचारा आणि मोकळे व्हा. (अवांतर: जावई 'बाबा' म्हणतात, नशीबवान आहात.)

ग्लँडदोरी
@माझगावकर, 900 टन म्हणजे हार्वीचं तेरा-चौदा मिनिटांचं काम. त्या दिवशी कमी काय पडलं, तर पाणी नाही, ते कुठे मारायचं ही माहिती. उलटही होतं. 9 फेब्रुवारी 1942 ला न्यूयॉर्कला 'नॉर्मंडी' जहाज पेटलं. हार्वी आणि बाकीच्यांनी इतकं पाणी मारलं की आग आटोक्यात आली आणि जहाज रात्रीत आडवं झालं! पंपवाल्यानं ड्रेनही बघावा लागतो, हे मी पोरांना सांगून थकलो.

@शंकासुर, संग्रहालयाचं मान्य. पण बफेलोची 'एडवर्ड एम. कॉटर' बघा, 1900 ची बोट, आग विझवते आणि हिवाळ्यात नदीतला बर्फही फोडते. लंडनची 'मॅसी शॉ' 1935 ची, 1940 मध्ये डंकर्कहून सैनिक आणून आलेली, तीही हौशी लोकांनी पुन्हा पाण्यात घातली. काम आहे म्हणून ग्रीस मिळतं, ग्रीस मिळतं म्हणून टिकतात. रंगाखाली गंज दिसत नाही एवढाच रंगाचा उपयोग.

काल पंप खोलला. केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या कवचात, पालीची अंडी, वाळलेला चिखल आणि शाफ्ट ठार जाम. रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल सोडून रात्रभर ठेवला. सकाळी पाईप पान्याला तीन फुटी पाईप घालून लटकलो, बायको म्हणाली पाठीचं ऑपरेशन कोण करणार. अकरा वाजता एक 'कट्' आवाज आला आणि इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, पाव फेरा फिरला. बियरिंग चांगलं आहे. ग्लँडची दोरी (शाफ्टभोवतीची गळती रोखणारी) मात्र कोळशासारखी चुरचुरीत, तीन फेरे नवे भरले.

माझगावकर
पाव फेरा! काका, व्हिडिओ टाका.

ग्लँडदोरी
व्हिडिओ नातू टाकेल. तूर्त सक्शन होजचं जुनं चार इंची पितळी कपलिंग हवंय. जुन्या बाजारात रविवारी जाणार आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.