सोसायटीचं पत्र पासपोर्टला चालतं का?

ए-२०२ काकू: सेक्रेटरीसाहेब, लेटरहेडवर रहिवासाचं पत्र मिळेल का? पासपोर्ट काढायचाय. लेकीचं बाळंतपण जर्मनीत आहे, दिवाळीनंतर. एजंट म्हणतो पत्र आणा आणि पाच हजार द्या.

सेक्रेटरी: पत्र आत्ता देतो काकू, पण पासपोर्टला त्याचा उपयोग नाही. पत्त्यासाठी आधार, लाईट बिल किंवा चालू खात्याचं फोटोवालं पासबुक, असलं काहीतरी लागतं.

बी-३०४: पाच हजार कशाचे?? ३६ पानी पासपोर्टची फी १५००. साठीच्या पुढे पहिल्यांदा काढताना १० टक्के सूट, म्हणजे १३५०. तत्काळला वर २००० लागतात, पण तुम्हाला ती घाई नाही. एजंट फक्त फॉर्म भरतो, बोटांचे ठसे द्यायला मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात तुम्हालाच जायचंय 😄 फॉर्म मी भरून देतो. पासपोर्ट सेवाच्या नावाने खोट्या साइटही आहेत, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

डी-१०४ ताई: फॉर्म नंतर. आधी सगळे कागद टेबलावर मांडून नावं ताडून बघा काकू. आमच्या आईच्या वेळी नाही बघितलं. आधारवर बाबांचं नाव मधे, पॅनवर नुसतं नाव-आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. काउंटरवरून परत आलो. चूक आमचीच.

ए-२०२ काकू: माझंही तसंच असणार गं.

डी-१०४ ताई: फॉर्ममध्ये रकाने दोनच, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. मधल्या नावाला वेगळी जागा नाही, ते पहिल्या रकान्यात आपल्या नावाला जोडून लिहायचं. पूर्वीचं नाव विचारतात तिथे माहेरचं सरळ लिहा. लग्नाचा दाखला असेल तर बरोबर ठेवा.

ए-२०२ काकू: आणि आधारवर जन्मतारीखच नाही, नुसतं १९६२ आहे.

डी-१०४ ताई: मग जन्मतारखेला ते आधार चालायचं नाही, पूर्ण तारीख हवी. पॅनवर काय आहे?

ए-२०२ काकू: १ जून.

बी-३०४: माझ्या आईचा पण १ जून! दोन मावश्यांचाही. सगळी गुरुजींची कृपा 😂

डी-१०४ ताई: हसू नकोस रे. शाळेच्या दाखल्यावर पण १ जूनच असेल तर काम सोपं.

ए-४०१: टाकीत पाणी नाहीये. पासपोर्टपेक्षा ते बघा कोणीतरी.

सेक्रेटरी: टँकर निघालाय. दहा मिनिटं.

ए-२०२ काकू: मी आठवी पास. एजंट म्हणाला ‘ईसीआर’चा, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा, शिक्का बसेल, त्याचे वेगळे पैसे.

सेक्रेटरी: घाबरवतोय तुम्हाला. दहावी नसलेल्यांना ईसीआर लागतं हे खरं, पण पन्नाशी उलटलेल्यांना नाही. आणि ते मुळात आखाती देशांत वगैरे कामाला जाणाऱ्यांसाठी. तुम्ही नातवंड खेळवायला चाललात.

सी-१०३ काका: छपाईही आपल्याकडचीच बरं का, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. आता चिपवाले ई-पासपोर्ट येतायत, कव्हरवर छोटं सोनेरी चिन्ह असतं.

डी-१०४ ताई: काकू, फोटो काढून नेऊ नका, तिथेच काढतात. मागे पांढरा पडदा असतो, तेव्हा पांढरी साडी नको. आणि पासपोर्ट हातात आला की लगेच व्हिसाच्या मागे लागा. टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बाळंतपणाची तारीख धरून तिकीट काढा.

सेक्रेटरी: आधारवर पत्ता इथलाच आहे ना? पोलीस चौकशी सध्याच्या पत्त्यावर होते.

ए-२०२ काकू: नाही हो, साताऱ्याचा आहे. लाईट बिल ह्यांच्याच नावावर.

सेक्रेटरी: मग पासबुक बघा. त्यावर इथला पत्ता आणि तुमचा फोटो हवा.

ए-२०२ काकू: बघितलं. पत्ता इथला आहे, फोटोची जागा रिकामी. उद्या बँकेत जाते. पत्र राहू दे साहेब.