चेक नाका, चेक्सचा शर्ट, बँकेचा चेक... सगळं एकच का?

घोडबंदरवाला:
मंडळी, एक डोक्यात अडकलेला प्रश्न. इंग्लिशमधला 'चेक' आपण किती ठिकाणी वापरतो बघा, बुद्धिबळात राजाला चेक, बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, गॅस बंद केला का जरा चेक कर, वर आपला मुलुंड चेक नाका आहेच. आमच्या आठवीतल्या कन्येचं म्हणणं की हे वेगवेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे ऐकू येतात, पुरावा काय तर बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं आहे. फॅमिली ग्रुपवर एकाने ठोकून दिलंय की हा संस्कृत 'चक्षु'वरून आला, डोळ्याने बघणे म्हणजे चेक. कोणाला नीट माहितीये का?

वाशी_सेक्टर१७:
मूळ एकच आहे, पण चक्षु वगैरे नाही हो. मूळ आहे फारसी शाह, म्हणजे राजा. आपलं चतुरंग इराणात गेलं तिथे त्याचं चत्रंग झालं, पुढे अरबांकडे शतरंज, आणि राजावर हल्ला आला की समोरच्याला सावध करायला 'शाह' म्हणायची पद्धत. खेळ युरोपात पोचला तेव्हा ही हाकपण सोबत गेली, लॅटिनमध्ये स्काकस, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि तिथून इंग्लिशमध्ये चेक. चेस हा शब्द त्याच एशेकच्या अनेकवचनातून आलाय, म्हणजे खेळाचं नाव अक्षरशः 'राजे'. आपला मराठी 'शह' तोच, फक्त आपल्याकडे फारसीतून सरळ आला.

आता राजाला शह बसला की बाकी सगळे बेत गेले उडत, आधी राजा वाचवा. म्हणून चेक म्हणजे मध्येच आलेला अडथळा, मग थांबवणे, मग लगाम घालणे. शेक्सपिअरच्या काळात चेक म्हणजे खरडपट्टी हापण अर्थ होता, आणि शिकारीच्या ससाण्याने नेमलेलं सावज सोडून भलत्याच पाखरामागे वळणं यालापण चेकच म्हणायचे (मला हा सगळ्यात आवडतो, ऑफिसात असे ससाणे बरेच आहेत). हे दोन आता गेल्यात जमा. लगामवाला मात्र टिकला, आणि एखाद्यावर लगाम ठेवायचा तर त्याचं काम तपासावं लागतंच, तिथून १७ व्या शतकात तपासणे हा अर्थ रुळला. गॅसवाला चेक तो हा, म्हणजे रोज वापरतो तोच बऱ्यापैकी उशिराचा. शर्टाचं सोपंय, पटासारखे चौकोन म्हणून चेक्स.

आणि चक्षुवाल्यांना सांगा, संस्कृतशी नातं हवंच असेल तर आहे की, शाह आणि आपलं क्षत्र, क्षत्रिय हे एकाच मुळातले मानतात.

नुसता_वाचक:
म्हणजे चेक रिपब्लिकपण इराणचं?? हाहा

वाशी_सेक्टर१७:
नाही, ते तिथल्या लोकांचं स्वतःचं स्लाव नाव. हा मात्र खराच योगायोग, कन्येला अर्धा मार्क द्या.

नेरूळ_रिटायर्ड:
बँकेत आयुष्य गेलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल. नॉर्मन राजांच्या काळापासून इंग्लंडच्या खजिन्याचा हिशोब एका मोठ्या टेबलावर व्हायचा, १० फूट बाय ५ फूट, वर काळं कापड आणि त्यावर आखलेले रकाने, दिसायला बुद्धिबळाचा पट. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोक्याला ताप, त्यामुळे सोंगट्या सरकवून हिशोब, एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये एशेकिए म्हणत म्हणून खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात ते यामुळे. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने १२ व्या शतकातच या कामावर पुस्तक लिहिलं, त्यात म्हणतो की पटावर दोन राजे लढतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ लढतात. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा वसूल आणून भरणारा. आमच्याकडे ऑडिटला यापेक्षा वेगळं काही नसायचं.

पावती म्हणून तिथे खाचा पाडलेली काठी उभी चिरून दोघांनी अर्धी अर्धी ठेवायची, टॅली म्हणतात ती हीच. १८३४ मध्ये या जुन्या काठ्यांचा ढीग भट्टीत जाळायला गेले आणि ब्रिटिश पार्लमेंटची इमारतच पेटली. असो, भरकटलो.

मुद्दा असा की १८ व्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैसे देण्याचा कागद नव्हता, ती स्थळप्रत होती. कागद खोटा निघाला तर ताळा घ्यायला आपल्याकडे राहणारा भाग. नंतर नाव स्थळप्रतीवरून फाडून दिलेल्या कागदाकडे सरकलं.

कळवा_कट्टा:
चेकमेट म्हणजे 'राजा मेला' ना? क्लासच्या सरांनी तेच सांगितलेलं

वाशी_सेक्टर१७:
अरबीत 'मात' म्हणजे मेला, त्यामुळे तसं सांगतात खरं. पण फारसीत मात म्हणजे हतबल, काही सुचेनासं झालेला, आणि बऱ्याच अभ्यासकांना हेच मूळ वाटतं. मलापण पटतं, कारण या खेळात राजा कधी मारत नाहीत, नुसता कोंडतात. मराठीतलं 'मात करणे' तिथलंच.

कोपरीकर:
चेक नाक्याचं कोणी बोललंच नाही. मुंबईत शिरणाऱ्या मालाची जकात तिथे घ्यायचे, ट्रकच्या रांगा आठवतात का. गाडी थांबवायची आणि कागद तपासायचे, म्हणजे वरचे दोन्ही अर्थ एकाच नाक्यावर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण रिक्षावाला अजून "चेकनाका चेकनाका" करूनच सीट भरतो.

घोडबंदरवाला:
जबरदस्त, सगळ्यांना धन्यवाद. काका, तेवढं स्पेलिंगचं सांगा, कन्या तिथेच अडून बसलीये.

नेरूळ_रिटायर्ड:
आधी दोन्हींचं सारखंच होतं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या प्रभावाखाली बँकेचं वेगळं केलं, आपण त्यांचं उचललं, आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्येपण तेच आहे. अमेरिकन अजून जुनंच लिहितात, आणि हॉटेलच्या बिलालापण चेक म्हणतात.

घोडबंदरवाला:
आता ती म्हणते परीक्षेत जुनं लिहिलं तर मार्क कापायला नकोत.

नेरूळ_रिटायर्ड:
कापतील.