घर विकायला काढलं तेव्हा दाखवायची तयारी कशी केलीत? अनुभव सांगा

शेवंतीची_वेणी
काल एका एजंटाच्या स्टेटसला व्हिडिओ दिसला, 'हेरिटेज व्हिला, फोंडा तालुका'. अर्धा बघून झाल्यावर कळलं की हे तर आमचं आजोळ! रंग बदललाय, पुढे पोहायचा तलाव आलाय, म्हणून आधी ओळखलंच नाही. ओळखलं ते माटोळीच्या चौकटीवरून, म्हणजे चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीच्या वर फळं-फुलं बांधायची ती लाकडी चौकट.

२०१५ ला विकलं ते. मामी गेल्यावर मामांना एवढ्या घरात एकट्याने राहणं झेपेना. एजंटाने फर्मानच काढलेलं, हार घातलेले फोटो उतरवा, देवघराला पडदा लावा, बल्कांवावरची (दारापुढच्या बसायच्या ओट्यावरची) फाटक्या वेताची खुर्ची हलवा आणि मधल्या खोलीत छताला टांगलेली ती लाकडी चौकट काढा, गिऱ्हाइकाला कळत नाही काय आहे ते. आम्ही चौघी बहिणी तीन दिवस खपलो. लाल जमीन नारळाचा चोथा फडक्यात बांधून घासली, लहानपणी आजी आम्हाला हेच काम लावायची तेव्हा पळून जायचो. शिंपल्यांची तावदानं पुसताना जीव मुठीत, तरी एक गेलंच माझ्या हातून. मामांनी सगळं ऐकलं, चौकटीला मात्र हात लावू दिला नाही. म्हणे चवथ आली तर माटोळी कुठे बांधू? व्यवहार चवथीच्या आधीच व्हायचा होता, त्यांनाही माहीत होतं.

दिल्लीचं जोडपं आलं. घासलेल्या जमिनीकडे ढुंकूनही बघितलं नाही, थेट चौकटीखाली उभं राहून विचारलं, "कपडे सुखाने के लिए?" मामा म्हणाले हां.

व्हिडिओत त्याच चौकटीला पंधरा-वीस पिवळे बल्ब टांगलेत. खाली जेवणाचं टेबल.

तुमच्यापैकी कोणी केलंय का हे? लिहा.

पर्वरीकर_तिसरा_मजला
जुलैत फ्लॅट दाखवू नका. एवढंच सांगायला आलो.

बरं सांगतोच. बदली झाली म्हणून भर पावसात काढला विकायला. पश्चिमेच्या भिंतीला ओल, तिच्यावर रंग मारला, चार दिवसांत पोपडे. मग पोपड्यांसमोर कपाट सरकवलं. बघायला आलेल्या बाईंनी नेमकं तेच कपाट उघडलं, आत माझा लग्नातला सूट, त्यावर हिरवी बुरशी, वेलबुट्टीच वाटावी अशी. बायको म्हणाली तो सूट तसाही तुला होत नव्हता. शेवटी दिवाळीनंतर गेला, फ्लॅट, सूट अजून आहे.

दोन_वाट्या_सोलकढी
वास!!! वासाबद्दल कोणीच कसं बोलत नाही

सासूबाईंचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कोठीत. सुके बांगडे, सुंगटं, खारवलेल्या कैऱ्या, सगळं. मे महिना. एजंटाचा फोन की अर्ध्या तासात लोक येतायत, शुद्ध शाकाहारी आहेत. दिराला कुठूनतरी माहीत की कॉफीने वास जातो, त्याने तव्यावर कॉफी पावडर भाजली. जळली. आता घरात जळकी कॉफी अधिक बांगडा. ते गृहस्थ दारातच थांबून विचारतायत की इधर पास में कोई फैक्टरी है क्या. सासूबाई आतून, "कोणाला जेवायचं असेल तर विचार गो"

वकिलाचा_मुलगा_पण_वकील_नाही
सगळे रंग, वास, तावदानं करताय. आधी कागद बघा.

आमचं डिचोलीकडचं घर, पॉलिशवर चाळीसेक हजार घातले, लोकांना आवडलं, टोकन द्यायला निघाले आणि त्यांच्या वकिलाने एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, मागितला. त्यात अजून आजोबांचं नाव. म्हणजे आधी इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) करा, सगळे वारस आणा. आणि आपल्याकडे गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे भावांबरोबर वहिन्यांच्या सह्या आल्या, आत्यांबरोबर आत्तोबांच्या. एक आत्तोबा वीस वर्षं आमच्याकडे फिरकले नव्हते, का तर १९९८ च्या एका लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं नाही. मी मुंबईला जाऊन त्यांना दोन दिवस जेवायला घातलं. सही दिली, पण जेवताना प्रत्येक वेळी विचारायचे, ही पहिलीच पंगत ना?

गिऱ्हाईक तोपर्यंत गेलेलं. घर अजून आहे. पॉलिश गेलं.

दोन_वाट्या_सोलकढी
पहिलीच पंगत ना 😂😂 हसून पोळी करपली

चुना_आणि_चिरे
पर्वरीकर, तुमचं सिमेंटचं बांधकाम, तिथे गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाहीतर पाइप बघावा लागतो. पण जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं असतील त्यांच्यासाठी लिहितो. एजंट सांगतात म्हणून चकाचक प्लास्टिक पेंट मारू नका. चिरा सच्छिद्र असतो, पावसात ओल ओढतो आणि उन्हाळ्यात सोडतो, वरून प्लास्टिकचा थर दिला की ओल आत अडकते आणि एकाच पावसात रंग पापडासारखा सुटतो. चुना मारा. स्वस्त पडतो आणि घर जुनं दिसलं तरी आजारी दिसत नाही. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरत असेल तर आधी ते वळवा, मग रंगाचं बघू. वाळवीसाठी दाराच्या चौकटी खालून ठोकून बघा, पोकळ आवाज आला की

असो, फोन आला. नंतर लिहितो.

भाड्याने_ताळगांव
मी विकणारी नाही, घेणारी नाही, मी त्या घरात राहणारी भाडेकरू 🙋 घर मालकाचं, तयारी माझी. सलग सहा रविवार. मालकीणबाई फोन करून सांगायच्या, सकाळी फोडणी देऊ नका, बाल्कनीत कपडे नकोत, मुलाला बागेत न्या. लोक माझा फ्रीज उघडून बघायचे, फ्रीज माझा होता, विक्रीत नव्हता! एका काकांनी माझ्यासमोर एजंटाला विचारलं की ही लोकं कधी जाणार. मग मी पुढच्या रविवारी लसणाची दणदणीत फोडणी दिली. घर त्याच दिवशी विकलं गेलं. बोला आता.

मडगांव_बाजार
चुना मारणारा चांगला माणूस आहे का कोणाकडे, सासष्टीत

पेडण्याचा
आमच्याकडे तयारीची गरजच उरली नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून गावात रविवारी अनोळखी गाड्या.

बाबांनी तरी केली तयारी. विहीर उपसून घेतली. सारवलेलं खळं पुन्हा सारवलं, तुळशीवृंदावनाला काव आणि चुना, फुटकी कौलं बदलली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतः शिडीवर. मी ओरडलो तर म्हणाले पाहुणे येतायत. ते लोक आले, गाडीतून उतरून मोबाइलवर नकाशा बघितला, विमानतळ किती मिनिटं, रस्ता किती मीटर, मागची जमीन कुठपर्यंत. घरात आलेच नाहीत. बाबांनी कोकम सरबत करून ठेवलेलं. शेवटी बाबाच त्यांना विहिरीकडे घेऊन गेले, वाकून बघा म्हणाले, तळ दिसतो. एकाने बघितलं. म्हणाला अच्छा.

ती विहीर बुजवली त्यांनी. बाबांना सांगितलेलं नाही.

शेवंतीची_वेणी
पेडणेकरदादा 🙏 काय बोलू.

दोन_वाट्या_सोलकढी
शेवंतीताई मामांचे देव कुठे गेले मग?

शेवंतीची_वेणी
मामेभावाकडे, पणजीच्या फ्लॅटात. पहिल्या वर्षी माटोळी पडद्याच्या रॉडला बांधली, नारळाच्या वजनाने रॉड भिंतीतून उपटून आला, कवंडाळं (माटोळीतली रानफळं) सगळी सोफ्याखाली. मामा सोफ्याखाली हात घालून एकेक काढत होते आणि हसत होते. आता सुताराकडून लहान चौकट करून घेतलीय.

व्हिडिओ मी मामांना पाठवलेला नाही अजून. पाठवू का?

भाड्याने_ताळगांव
नको गो

वकिलाचा_मुलगा_पण_वकील_नाही
पाठवा. माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा घट्ट असतात. आत्तोबा सोडून.

मडगांव_बाजार
चुन्यावाला सांगा ना कोणीतरी, पावसाच्या आधी करायचंय