तीन आठवड्यांच्या सेवेसाठी केनियाला जावे का?

वेंगुर्ला बंदर (मूळ लेख)

माझा पुतण्या मुंबईत नोकरी करतो. त्याच्या चर्चमधील तरुणांचा एक गट येत्या मे महिन्यात पश्चिम केनियातील एका ख्रिस्ती बालगृहात तीन आठवडे सेवा करण्यासाठी जाणार आहे. विमानाचे तिकीट, व्हिसा, लसी आणि मुक्काम धरून माणशी एक लाख साठ हजार रुपये खर्च आहे आणि त्यासाठी नातेवाइकांकडे मदत मागितली आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले आहे. देवाच्या कामासाठी हात पुढे करणाऱ्या मुलाला नाही म्हणणे जिवावर येते. तरीही मी नाही म्हटले, आणि त्यावरून घरात अबोला धरण्यापर्यंत वेळ आली आहे, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो.

जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असतो. मुले तेथे येतात ती बहुधा गरिबीमुळे, म्हणजे फी भरता येत नाही, शाळा लांब आहे, घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे अशा कारणांनी. परदेशातून येणारा देणगीदार इमारत पाहतो, मुलांना जवळ घेतो आणि त्या इमारतीलाच पैसे देऊन जातो. ज्या घरातून मूल आले त्या घराच्या चुलीपर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. मुले असली की पैसा येतो हे एकदा कळले, की मुले आणण्यासाठी माणसे गावोगाव फिरू लागतात.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील चर्चचे दहा जण ३३ मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना पकडले गेले. पुढे उघड झाले, की त्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील जिवंत होते आणि मुलांचे शिक्षण होईल या आशेने त्यांनीच ती सोपवली होती. नेणाऱ्यांच्या मनात पाप होते असे मी म्हणणार नाही. आपल्या हातून चांगलेच घडत आहे या खात्रीमुळे त्यांनी विचारायचे ते विचारले नाही, आणि मला भीती वाटते ती याच खात्रीची. खुद्द केनियाच्या सरकारने २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पुढे मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबांत परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण स्वीकारले. ज्या वाटेवरून तो देश मागे फिरत आहे, त्याच वाटेने आपली मुले निघाली आहेत.

शिवाय तीन आठवड्यांत होणार काय? माझी एका शाळेतून बदली झाली, तेव्हा पहिलीतला एक मुलगा दप्तर पाठीला लावून माझ्यामागे एस.टी. स्टँडपर्यंत आला होता आणि गाडी सुटली तरी तिथेच उभा होता. त्याला संध्याकाळी जायला घर होते, आई होती. ज्या मुलाला ते नाही, त्याच्या आयुष्यात दर महिन्याला एक नवा गट यावा, त्याला मांडीवर घ्यावे आणि निघून जावे, याला सेवा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सावंतवाडीची परिचारिका

सर, आपल्या तळमळीबद्दल मला शंका नाही, परंतु वेंगुर्ल्यात बसून आपण हे लिहावे याचे वाईट वाटले. अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन याच वेंगुर्ल्यात राहून रोग्यांची सेवा करत होते. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १९१९ साली येथेच झाला. ते पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ मध्ये अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. माझी आजी विसाव्या वर्षी विधवा झाली, मिशनच्या दवाखान्यात परिचारिकेचे काम शिकली आणि त्या पगारावर तिने चार मुले वाढवली. परक्या देशातून कोणीतरी 'तिथे माझे काय काम' असे न म्हणता निघाला, म्हणून माझ्या घरात तिसरी पिढी नर्सिंग करते आहे. आज आपल्याकडून कोणी निघाले तर त्याला आपण थांबवायचे?

मदतीने काही होत नाही, हेही मला मान्य नाही. मुले दत्तक-पालक पद्धतीने घेऊन महिन्याला ठरावीक रक्कम पाठवणाऱ्या एका मोठ्या ख्रिस्ती संस्थेच्या कामाची अर्थशास्त्रज्ञांनी भारत, केनिया, युगांडा, फिलिपिन्स, बोलिव्हिया आणि ग्वाटेमाला या सहा देशांत पाहणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ही मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली. तीच संस्था २०१७ मध्ये परदेशी निधीच्या निर्बंधांमुळे भारतातून गेली आणि लाखाहून अधिक मुलांची मदत थांबली. त्या मुलांच्या आयांना विचारा, पैसा कुठून आला याचे त्यांना किती महत्त्व होते ते.

वेंगुर्ला बंदर

ताई, त्या पाहणीतील मुले आपल्या आईवडिलांजवळ राहत होती आणि केंद्रावर फक्त येत-जात होती. माझा आग्रह याचाच आहे. आणि डॉक्टरसाहेब येथे मराठी बोलत, वर्षानुवर्षे राहिले. तीन आठवड्यांचे परतीचे तिकीट काढून आले नव्हते.

देवगडकर

आपण दोघेही मूळ मुद्द्याला बगल देत आहात, असे नम्रपणे म्हणतो. जे मूल दोन वेळच्या जेवणासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याच्यापुढे आपला धर्म ठेवावा का? त्या मुलाला 'नको' म्हणण्याची मोकळीक कुठे असते?

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवा नाही. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आणि नंतर हर्णैला शाळा चालवत होते, आणि त्या शाळांत मुले अक्षर शिकली हे मान्यच केले पाहिजे. मात्र १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केल्यावर त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, आणि वडिलांना मुलासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. मग आपल्याच लोकांनी त्याला वाळीत टाकले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी आमच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ठामपणे उभे राहिले आणि त्यांनी समाजाचा रोष पत्करला. दोन्ही बाजूंच्या मोठ्यांच्या ओढाताणीत त्या पोराला काय वाटत होते, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील चौदावे कलम मुलाला विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देते आणि त्याबाबत मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही मानते. केनियातील त्या मुलांच्या पालकांना कोणी विचारले आहे का? हेच मी हिंदू संस्थांच्या वसतिगृहांनाही विचारेन, त्यात माझा पंक्तिप्रपंच नाही.

हर्णै

मी बोर्डिंगात वाढले आहे, म्हणून लिहिते. वडील मचव्यावरून गेले ते परत आले नाहीत. आई बंदरावर टोपल्या वाहायची आणि बोंबील वाळत घालायची. मला आठव्या वर्षी एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवले. कागदावर मी अनाथ होते. आई दर नाताळच्या सुट्टीत मला न्यायला यायची.

परदेशातील एक बाई माझा खर्च करायच्या. वर्षातून एकदा आमचे फोटो काढत, तेव्हा पाटीवर खडूने क्रमांक लिहून ती छातीशी धरायला लावत. पत्राचा मजकूर फळ्यावर लिहिलेला असे: "मी बरी आहे, तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते." एकदा मी खाली स्वतःच्या मनाने लिहिले, की आमच्या शेळीला दोन पिल्ले झाली आणि त्यांतले एक आईने विकले. शिक्षिकेने ती ओळ खोडून मला नवा कागद दिला. पाहुणे आले की आम्ही रांगेत उभे राहून गाणे म्हणायचो. त्यांतली काही माणसे खरोखर प्रेमळ होती, आणि ती गेल्यावर धाकट्या मुली दोन-दोन दिवस जेवायच्या नाहीत.

पण सर, त्याच बोर्डिंगामुळे मी बारावी झाले आणि आज बँकेत आहे. ते पैसे आईच्या हाती आले असते तर निम्मे सावकाराने नेले असते, आणि आमच्या वाडीत तेव्हा सातवीपुढे शाळा नव्हती. त्यामुळे 'घरी ठेवा' हे वाक्य मला तितकेसे सोपे वाटत नाही. आता आपल्याकडे बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये खात्यात जमा होतात. ते तेव्हा असते आणि शाळा चालण्याच्या अंतरावर असती, तर आईने मला पाठवले नसते. तिने हे मला शेवटच्या आजारपणात सांगितले.

सावंतवाडीची परिचारिका

हर्णैच्या ताई, ती खोडलेली ओळ वाचून गलबलून आले. सर, तीन आठवड्यांच्या सहलीचा आग्रह मी सोडते. गटाने तिकिटाचे पैसे तिकडे पाठवले तर बरेच काही होईल. पण ते बालगृह आज उभे आहे आणि आत मुले आहेत. सगळ्यांनीच आपल्यासारखा हात आखडता घेतला, तर पुढच्या महिन्यात त्यांच्या ताटात काय पडेल?

वेंगुर्ला बंदर

हा प्रश्न मला काल रात्रभर छळत होता आणि माझ्या पहिल्या लेखात त्याला उत्तर नव्हते, हे मान्य करतो. ताट थांबता कामा नये. पुतण्याशी आज फोनवर बोललो. माझा वाटा देण्याचे मी कबूल केले आहे, पण तिकिटासाठी नव्हे. त्याने बालगृहाला पत्र लिहिले आहे: आत किती मुले आहेत, त्यांपैकी किती जणांची आई, वडील किंवा आजी हयात आहे, ती शेवटची कधी भेटली, मुलांपैकी कोणाला घरी परतायचे आहे, आणि मूल घरी परतले तर तेथील शाळेची फी व घरखर्चाचा काही भाग आपण पाच वर्षे पाठवू शकतो का. देवगडकरांच्या म्हणण्यावरून एक ओळ मी वाढवायला लावली, की ही मदत उपासनेला येण्यावर अवलंबून असणार नाही. पुतण्या त्या ओळीवर अडखळला होता, मग त्याने ती लिहिली. उत्तर आले की येथे कळवीन.