होकायंत्रावरच्या ३२ दिशा नव्या नाविकांना शिकवाव्यात का?

सुकाणूधर :
नौकानयनाच्या शिक्षणातून ३२ दिशांचे जुने होकायंत्र काढून टाकावे आणि ००० ते ३५९ अंशांची पद्धत तेवढी ठेवावी, असे मत अनेक जण मांडतात. मला ते निम्मेच पटते. वर्तुळाचे ३२ भाग केले की एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा होतो, आणि एवढ्या ढोबळ मापाने आज जहाजाचा मार्ग आखावा, असे मी म्हणणार नाही. परंतु नुसत्या नजरेने दिशा सांगायची असते तेव्हा हेच माप अधिक प्रामाणिक ठरते. टेहळणीवरच्या माणसाने ‘नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) उजवीकडे दोन पॉइंटवर दिवा’ असे म्हटले, तर नजरेला झेपते तेवढीच अचूकता तो सांगत असतो. तोच ‘२३ अंश’ म्हणाला, तर न केलेल्या मोजमापाचा आभास निर्माण होतो. १९१२ साली टायटॅनिकच्या सुकाणूवर असलेल्या रॉबर्ट हिचन्सने चौकशीत मार्ग सांगितला तो ‘नॉर्थ ७१ वेस्ट’ (उत्तरेपासून पश्चिमेकडे ७१ अंश) असा अंशांत, पण धडकेपूर्वी जहाज किती वळले होते हे सांगताना त्याने ‘सुमारे दोन पॉइंट’ असेच म्हटले.

अंशवादी :
हिचन्ससमोर होकायंत्र होते, तरीही तो पॉइंटमध्ये बोलला; यावरून त्या काळची सवय दिसते, मापाची योग्यता नव्हे. अंदाजच सांगायचा असेल तर ‘सुमारे २० अंश’ म्हणण्यापासून कोणी कोणाला अडवलेले नाही.

खरा धोका नावांत आहे. ‘नॉर्थ बाय ईस्ट’ (उत्तरेपासून पूर्वेकडे एक पॉइंट) आणि ‘नॉर्थईस्ट बाय नॉर्थ’ (ईशान्येपासून उत्तरेकडे एक पॉइंट) यांत तब्बल दोन पॉइंटांचे अंतर आहे, आणि वाऱ्याच्या आवाजात किंवा खरखरणाऱ्या रेडिओवर पहिले दोन-तीन शब्दच कानावर पडले तर ऐकणाऱ्याने काय समजावे? मार्गात एका अंशाची चूक झाली तर ६० सागरी मैलांनंतर जहाज सुमारे एक मैल बाजूला जाते. अर्ध्या पॉइंटची चूक त्याच अंतरात जवळजवळ सहा मैलांवर नेते. शिवाय चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) अंशांत दिलेले असते, त्यामुळे पॉइंट वापरणाऱ्याला आधी रूपांतर आणि मग बेरीज-वजाबाकी, असे दुहेरी काम पडते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या प्रमाण संभाषण-वाक्यांतही दिशा ३६० अंशांच्या पद्धतीने सांगणे अपेक्षित आहे, ते उगाच नव्हे.

शिडाची दोरी :
अंशवादींचा युक्तिवाद यांत्रिक जहाजांपुरता ठीक आहे. शिडाच्या जहाजावर मात्र सगळा हिशेब वाऱ्यापासून सुरू होतो. चौकोनी शिडांचे जहाज साधारणपणे वारा येतो त्या दिशेपासून सहा पॉइंटांपर्यंतच जवळ जाऊ शकते. वारा थेट उत्तरेचा असेल, तर एका बाजूने ईस्ट-नॉर्थईस्ट आणि दुसऱ्या बाजूने वेस्ट-नॉर्थवेस्ट या दोनच टोकाच्या दिशा त्याला मिळतात, आणि बाजू बदलताना १२ पॉइंट वळावे लागते. हे गणित बोटांवर होते, ६७.५ आणि १३५ घेऊन तेच करताना माणूस नकाशाकडे धाव घेतो.

दीपस्तंभ :
या नावांना कोणी पवित्र मानू नये, एवढेच सुचवतो. हिंदी महासागरातील अरब नाविकांचेही वर्तुळ ३२ भागांचेच होते, पण त्यांनी भागांना ताऱ्यांच्या उगवत्या-मावळत्या स्थानांवरून नावे दिली. ते तारे प्रत्यक्षात सव्वाअकरा अंशांच्या नेमक्या अंतराने उगवत नाहीत. नावे केवळ लक्षात ठेवण्यासाठी होती. भूमध्य समुद्रात तेच काम वाऱ्यांच्या नावांनी केले. ३२ भागांची विभागणी टिकली, कारण वर्तुळाचे पुन्हापुन्हा दोन समान भाग करणे सोपे असते.

सुकाणूधर :
हाच माझाही मुद्दा आहे. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत बाजूचा दिवा ११२.५ अंशांत, मागचा १३५ अंशांत आणि डोलकाठीवरचा २२५ अंशांत दिसावा असे म्हटले आहे. हे आकडे विचित्र वाटतात, ते १०, १२ आणि २० पॉइंट म्हणून वाचले की लगेच उलगडतात.

अंशवादी :
उलगडतात, हे मान्य. परंतु नियमाने अंश स्वीकारले, आणि नियम पाळण्यासाठी उगम ठाऊक असण्याची गरज नाही. सरळ मार्गाने जाताना किनाऱ्यावरचा स्थिर दिवा नाळेपासून ४५ अंशांवर आणि नंतर ९० अंशांवर दिसला, तर मधल्या वेळात कापलेले अंतर हेच त्या दिव्यापासूनचे अंतर असते. जुने लोक याला चार पॉइंटची पद्धत म्हणत. भूमितीला नावाने काहीच फरक पडत नाही.

सुकाणूधर :
भूमितीला पडत नाही, पण मोजणाऱ्याच्या नजरेला पडतो. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पाव पॉइंट धरून होणाऱ्या १२८ दिशांची घोकंपट्टी आणि मार्ग पॉइंटमध्ये देणे, दोन्ही सोडून द्यावे; मात्र नाळेपासून दोन, चार, आठ पॉइंट उपकरणाविना ओळखण्याचा सराव ठेवावा, आणि त्याची परीक्षा लेखी न घेता डेकवर, रात्री घ्यावी.