डोंगरातला हॉल मंडळाने विकत घ्यावा का? वणव्याची जोखीम कशी मोजायची, आणि मोजून झाल्यावर काय करायचे?

मोगरा (धागालेखिका)

मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँग डोंगररांगेत एक जुना लाकडी हॉल आणि भोवतालची सुमारे दोन एकर जागा आमच्या मंडळाला विकत मिळण्यासारखी आहे. मराठी शाळेसाठी दर शनिवारी भाड्याचे वर्ग आणि सणासुदीला नगरपालिकेची सभागृहे शोधत आम्ही कित्येक वर्षे फिरतो आहोत, त्यामुळे हक्काच्या वास्तूची ओढ सगळ्यांनाच आहे, आणि शहरातल्या किमती आवाक्याबाहेर आहेत हेही सगळे जाणतात. अडचण अशी की ही जागा सरकारी नकाशावर ‘बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरले’ या पट्ट्यात, म्हणजे वणव्याचा धोका तीव्र मानलेल्या भागात येते.

मागच्या रविवारी मी हॉल पाहून आले. शिडी लावून पन्हळीत हात घातला, तर निलगिरीची वाळकी पाने आणि सालीचे पापुद्रे मनगटापर्यंत लागले. मागच्या दाराखाली पेन्सिल सहज सरकेल एवढी फट आहे, दारात काथ्याचे पायपुसणे आहे आणि जोत्याखालच्या उघड्या पोकळीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. उत्तरेकडे जमीन उतरत जाते आणि त्या उतारावर खालपर्यंत दाट झाडी आहे. एवढे पाहूनही माझे मत सध्या जागा घेण्याच्याच बाजूने आहे, कारण यातली बरीचशी कामे आपल्या हातची आहेत असे मला वाटते. पुढच्या महिन्यात ठराव सभेपुढे येईल. त्याआधी इथल्या जाणकारांनी बाजूने आणि विरोधात स्पष्ट लिहावे, अशी विनंती आहे.

उतारमापक

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझे मत जागा घेण्याच्या बाजूने आहे, मात्र आधी रीतसर मूल्यमापन करून घ्यावे. इथे त्याला ‘बॅल’ म्हणतात, म्हणजे इमारतीवर वणव्याचा मारा किती होईल याचा दर्जा. बॅल-१२.५, १९, २९, ४० आणि सर्वांत वर ‘फ्लेम झोन’, जिथे ज्वाळा थेट भिंतीला भिडतात. यातले आकडे दर चौरस मीटरला किती किलोवॅट धग लागेल ते सांगतात, आणि ते ठरतात चार गोष्टींवर: त्या प्रदेशासाठी गृहीत धरलेले आगीचे हवामान, आसपासच्या वनस्पतींचा प्रकार, त्यांचे इमारतीपासूनचे अंतर आणि त्या वनस्पतींखालच्या जमिनीचा उतार.

उताराला लोक फार कमी महत्त्व देतात. आग चढावर सपाटीपेक्षा वेगाने पळते. दर दहा अंशांना तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणूनच व्हिक्टोरियात, म्हणजे आपल्या राज्यात, सपाटीवरचे जंगल इमारतीपासून २५ मीटरवर असेल तर ती बॅल-२९ मध्ये बसते, पण जंगल खालच्या बाजूला ५ ते १० अंशांच्या उतारावर असेल तर त्याच दर्जासाठी ३९ मीटर लागतात. मोगरा यांनी सांगितलेला उत्तरेचा उतार म्हणूनच आधी मोजावा लागेल. उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले वारेही तिकडूनच येतात.

बाकी कामे खरोखर हातची आहेत. झरोक्यांना २ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी, फटी बुजवणे, जोत्याखालची पोकळी बंद करणे आणि दहा हजार लिटरची पाण्याची टाकी, जी एवढ्या मोठ्या भूखंडाला नव्या बांधकामाच्या परवान्यात लागतेच. वणव्यात बरीच घरे ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत, तर वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी, कधी आग पुढे निघून गेल्यावर तासा-दोन तासांनी, पन्हळीत नाहीतर पायपुसण्यावर धुमसून जळतात. जिथे कारण इतके लहान आहे, तिथे उपायही आपल्याला पेलणारा आहे.

पिवळा_कोट

मी गेली अनेक वर्षे सीएफएचा, म्हणजे इथल्या ग्रामीण अग्निशमन दलाचा, स्वयंसेवक आहे. माझा या खरेदीला विरोध आहे, आणि उतारमापक यांचा एकही आकडा चुकलेला नसूनही तो आहे.

बॅल हा दर्जा इमारतीच्या भिंतीचा आहे, आत बसलेल्या साठ मुलांचा नाही. ज्या बांधकाम मानकावर तो आधारला आहे, तेच मानक सांगते की नियमाप्रमाणे बांधलेली इमारत प्रत्येक वणव्यात टिकेलच याची हमी देता येत नाही. शिवाय हे नियम नव्या बांधकामाला लागू होतात. जुन्या हॉलला ते आपोआप लागू होत नाहीत, त्यामुळे ‘परवान्यात बसते’ हे वाक्य तुमच्या हॉलबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार इथे कुणी विसरलेले नाही. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता. किलमोर ईस्टला विजेची तार तुटून लागलेली आग उत्तरेच्या वाऱ्याने लांब, अरुंद पट्ट्यासारखी पळत होती. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून वाहू लागला आणि तोवर जी त्या आगीची बाजू होती, तीच मैलोन्‌मैल लांबीची आघाडी होऊन किंगलेकच्या डोंगरावर चढली. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यातली ११३ घरांच्या आत गेली, आणि त्यांत तयारी केलेली माणसेही होती. स्ट्रॅथिवेन, मिडल किंगलेक आणि मेरिसव्हिल या तिन्ही ठिकाणच्या प्राथमिक शाळा जळाल्या. तो शनिवार होता म्हणून त्या रिकाम्या होत्या. तुमची शाळा शनिवारीच भरते.

एमरल्डकर

मी त्याच डोंगरात बावीस वर्षे राहतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. ‘डोंगरात राहूच नका’ असे म्हणणे सोपे आहे, पण इथे शाळा, दुकाने आणि दवाखाने चालतात, हजारो कुटुंबे राहतात आणि ती बेफिकीर नाहीत. दर नोव्हेंबरात आमच्या गल्लीत सगळे मिळून पाचोळा गोळा करतात. कडक अग्निबंदीच्या दिवशी आमची पफिंग बिली ही जुनी आगगाडीही वाफेचे इंजिन काढून डिझेलवर धावते. गाडी बंद पडत नाही, तिची पद्धत बदलते.

आणि सामुदायिक वास्तूचे मोल काय असते, हे कॉकटूला जाऊन पाहावे. १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यात, ज्याला इथे ‘ॲश वेन्सडे’ म्हणतात, त्या गावातली तीनशेच्या वर घरे जळाली. त्या रात्री सुमारे तीनशे माणसे, बहुतेक बायका आणि मुले, मॅकब्राइड स्ट्रीटवरच्या गोल आकाराच्या बालवाडीत होती. बाहेर गाव जळत होते आणि ती वास्तू टिकली. आज तिथे वणव्याविषयीचे शिक्षणकेंद्र आहे. उद्या आपला हॉल आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडू शकेल, हा विचार मंडळाने का करू नये?

पिवळा_कोट

एमरल्डकर, त्या बालवाडीचा मलाही आदर आहे, पण तिची गोष्ट पुरती सांगायला हवी. वास्तू आपोआप टिकली नाही. माणसे छपरावर चढून बादल्या आणि ओल्या टॉवेलांनी ठिणग्या विझवत होती आणि आत मुलांच्या तोंडावर ओली फडकी धरली होती. जे शौर्याने आणि दैवाने निभावले, ते नियोजनात गृहीत धरता येत नाही.

आसरा देण्याची कल्पना तर सोडूनच द्यावी. अखेरचा आसरा म्हणून जागा जाहीर होण्याआधी जंगलापासूनचे अंतर आणि तिथवर पोहोचणारी धग यांचे स्वतंत्र मूल्यमापन होते, आणि त्या यादीतल्या जागांवरही ‘इथे जीव वाचेल याची हमी नाही’ हे स्पष्ट सांगितलेले असते. मेरिसव्हिलला अनेकांनी आसरा घेतला तो गॅलिपोली पार्कच्या उघड्या मैदानावर. झाडीत वसलेला लाकडी हॉल त्या यादीत कधीही बसणार नाही, आणि लोकांना तसे वाटू देणे हाच एक धोका आहे.

झाडवेडी

मी खरेदीच्या विरोधात आहे, पण कारण वेगळे आहे. हॉल ‘सुरक्षित’ करायच्या नावाखाली दोन एकरांतली झाडे जातील, ही माझी भीती आहे. न्यू साउथ वेल्समध्ये असेच झाले. २०१३ च्या ऑक्टोबरात ब्लू माउंटन्समध्ये सुमारे दोनशे घरे जळाली, म्हणून पुढच्या वर्षी सरकारने घरापासून १० मीटरपर्यंतची झाडे आणि ५० मीटरपर्यंतची झुडपे परवानगीशिवाय काढायची मुभा दिली. थोड्याच दिवसांत, ज्या घरांना वणव्याचा धोका नावापुरता होता, त्यांच्यापुढची जुनी झाडे पडू लागली अशा तक्रारी आल्या आणि काही महिन्यांतच त्या मुभेचे क्षेत्र कमी करावे लागले. आमच्या उपनगरात एका गृहस्थाने खाडी दिसावी म्हणून अँगोफोराची तीन मोठी झाडे तोडली. त्यांत वर्षानुवर्षे घरटी करणारे काकाकुवे आठवडाभर विजेच्या तारांवर येऊन बसत होते. वणव्याची भीती खरी आहे, म्हणूनच तिच्या आडून असे काही करणे मला सहन होत नाही.

उतारमापक

झाडवेडी, व्हिक्टोरियाच्या नियमांत ‘सगळे तोडा’ असे नाही. इमारतीभोवतीच्या संरक्षणाच्या पट्ट्यात मोठी झाडे राहू शकतात. त्यांच्या शेंड्यांमध्ये ५ मीटर अंतर हवे, खालच्या फांद्या जमिनीपासून २ मीटर वर हव्यात, फांदी छपरावर यायला नको आणि झाडाखाली झुडूप नको. कारण आग जमिनीवरच्या गवतातून झुडपात, झुडपातून फांदीत अशी शिडी चढावी तशी चढते, आणि शिडीच्या मधल्या पायऱ्या काढल्या की खोड उभे राहू शकते. खडबडीत तंतूंच्या सालीची निलगिरी मात्र इमारतीजवळ ठेवू नये असे मी म्हणेन, कारण तिच्या जळत्या साली वाऱ्यावर दूरवर जातात.

जुन्नरजवळच्या आमच्या गावी वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे गवताचा पट्टा आपणच जाळून मोकळा करते, आणि वणवा तिथे येऊन थांबतो. इथे तसे होईल असे मी कधीच म्हणणार नाही. निखारे कित्येक किलोमीटर उडतात. २००३ साली कॅनबेरात डफीसारख्या वस्तीत ते रस्ते ओलांडून आत शिरले आणि सुमारे पाचशे घरे गेली. मोकळा पट्टा धग कमी करतो, निखारा अडवत नाही. निखाऱ्यासाठी जाळी, बुजलेली फट आणि साफ पन्हळ लागते. ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

हिशेबनीस

थोडक्यात लिहितो. विम्याची दोन दरपत्रके मागवली होती. एका कंपनीने नकार दिला आणि दुसरीचा हप्ता भाड्याच्या हॉलांवर होणाऱ्या आपल्या वार्षिक खर्चाच्या निम्म्याहून जास्त आहे. जळालेला हॉल पुन्हा बांधायचा तर तो आजच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आजच्या लाकडी हॉलपेक्षा कितीतरी महाग पडेल. ठरावासोबत ही रक्कमही लिहून सभेपुढे ठेवावी. मी अजून मत ठरवलेले नाही.

मोगरा

सर्वांचे आभार. पिवळा_कोट यांचे ‘भिंतीचा दर्जा, मुलांचा नाही’ हे वाक्य वाचल्यावर मला माझा प्रश्नच चुकला होता असे वाटू लागले आहे. हॉल किती टिकेल याआधी तो कोणत्या दिवशी उघडायचाच नाही हे ठरायला हवे. शिक्षण खात्याची धोका असलेल्या शाळांची यादी आहे आणि त्या दिवसाच्या वणव्याच्या धोक्याचा दर्जा ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ असेल तर त्या शाळा बंदच राहतात. २०२२ पासून देशभर चारच दर्जे आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. ठरावात मी असे कलम सुचवते: आदल्या दिवशीच्या अंदाजात आपल्या विभागासाठी एक्स्ट्रीम किंवा त्यावरचा दर्जा असेल, तर कार्यक्रम रद्द होईल, फाटकाला कुलूप लागेल आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागणार नाही.

उतारमापक

कॅटॅस्ट्रॉफिकला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एक्स्ट्रीमला मात्र सरसकट बंदी केली तर उन्हाळ्यातले कार्यक्रम कधी होतील आणि कधी नाहीत, हे कुणालाच सांगता येणार नाही. जबाबदार माणसे हजर ठेवून, छोटा कार्यक्रम सकाळीच उरकता येईल.

पिवळा_कोट

इथे मी अजिबात मागे हटणार नाही. ‘सकाळीच उरकू’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी दुपारी तीन वाजता धुरात, एकाच अरुंद रस्त्यावर, एकमेकींमागे अडकलेल्या पाहिल्या आहेत. आपले पंचांग इथल्या ऋतूंवर ठेवून बघा. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, तेव्हा जंगल ओले असते. पण संक्रांतीचे हळदीकुंकू आणि मुलांचे सुट्टीतले शिबिर जानेवारीत, म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत येते. त्या दिवसांपुरता शहरातलाच हॉल भाड्याने घेत राहायचे असे ठरावात लिहिणार असाल, तर माझा विरोध पूर्वीइतका कडवा राहणार नाही, तरी मत विरोधातच पडेल.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारली नाही. फाटकापासून हॉलपर्यंतचा रस्ता शंभर मीटरपेक्षा लांब असेल, तर पंधरा टनांचा बंब वळण्याएवढी जागा शेवटी लागते. मोगराताई, पुढच्या भेटीत टेप घेऊन जा आणि वाटेची रुंदी मोजा. साडेतीन मीटर मोकळी मिळाली नाही, तर आमचा बंब तुमच्या फाटकातून आत येणार नाही.

मोगरा

वाट मी रविवारी पायांनी मोजली होती, साधारण एकशे चाळीस पावले भरली, आणि मधल्या वळणावर दोन्ही बाजूंना ट्रीफर्न वाटेवर आले आहेत. शनिवारी टेप घेऊन पुन्हा जाते आणि आकडे इथेच लिहिते.